‘संकेत’ ह्या संज्ञेचा प्रवास आणि त्वचेचा कर्करोग

न्यायशास्त्रात ‘संकेत’ ह्या शब्दाला नेमका अर्थ आहे. अमुक शब्दाने अमुक वस्तूचा बोध व्हावा असा जो ठराव, तो संकेत. धूर आणि अग्नी ह्यांच्यामध्ये जसा निसर्गसिद्ध संबंध असतो तसा शब्द आणि अर्थ ह्यांच्यामध्ये नसतो. तो परंपरेने मान्य केलेला असतो, आणि म्हणूनच एकाच वस्तूला निरनिराळ्या भाषांत निरनिराळी नावे असू शकतात. आज हाच शब्द इंग्रजी ‘सिग्नल’ ह्या शब्दाचा प्रतिशब्द म्हणून मराठी जीवशास्त्रीय लेखनात रूढ झालेला आहे. एका पेशीकडून दुसरीकडे, किंवा पेशीच्या पटलापासून तिच्या केंद्रकापर्यंत, रासायनिक द्रव्यांच्या द्वारा जे कळविले जाते त्याला तेथे संकेत म्हणतात, आणि ते ज्या प्रथिनांच्या हातांतून जाते त्या मालिकेला संकेतमार्ग. हा प्रतिशब्द ज्याने प्रथम योजला असेल त्याच्या मनात न्यायशास्त्र असेल असे मानण्याचे कारण नाही. तथापि निवड विलक्षण समर्पक झाली आहे. फ्रेंच जीवशास्त्रज्ञ झाक मोनो ह्यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात नेमके हेच प्रतिपादन केले होते की, नियंत्रण करणारे रासायनिक द्रव्य आणि ज्या क्रियेचे नियंत्रण होते ती क्रिया ह्यांच्यामध्ये रसायनशास्त्राच्या दृष्टीने कोणताही अपरिहार्य संबंध नसतो. संबंध असतो तो उत्क्रांतीने घालून दिलेला, म्हणजे एका अर्थी ठरावाचाच.

मूळ इंग्रजी संज्ञा मात्र तत्त्वज्ञानातून आलेली नाही. ती तारायंत्र आणि दूरध्वनी ह्यांच्या शास्त्रातून आली, आणि येताना तिने आपल्याबरोबर एक चित्र आणले : एक पाठविणारा, एक घेणारा आणि मधे एक तार. ह्या चित्राने जीवशास्त्राला फार मोठे बळ दिले. त्याची मर्यादाही आहे, आणि ती पुस्तकी वादात नव्हे तर रुग्णांच्या शरीरावर उघडी पडली. त्वचेच्या कर्करोगाचा इतिहास ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्वचा हे डोळ्यांना दिसणारे इंद्रिय. तेथे गाठ केव्हा उठली, केव्हा वाढली आणि केव्हा मावळली हे शस्त्रावाचून पाहता येते. त्यामुळे संकेताविषयीच्या बहुतेक सर्व कल्पनांची कसोटी अखेरीस त्वचेवर लागली.

रोगाची नावे प्रथम पाहावीत. ग्रीक वैद्यांनी ह्या व्याधीला ‘कार्किनोस’, म्हणजे खेकडा, असे नाव दिले. लॅटिन ‘कॅन्सर’ हे त्याचेच भाषांतर आणि मराठी ‘कर्करोग’ हे त्या भाषांतराचे भाषांतर. सुश्रुतसंहितेत ‘ग्रंथि’ आणि ‘अर्बुद’ हे शब्द आहेत, पण त्यांत खेकडा नाही. त्वचेच्या रंगद्रव्यपेशींपासून होणाऱ्या काळ्या गाठींना पॅरिसच्या रने लेनेक ह्याने १८०४ साली वाचलेल्या आणि १८०६ साली छापलेल्या निबंधात ग्रीक ‘मेलास’, म्हणजे काळा, ह्या शब्दावरून नाव दिले, आणि १८३८ साली रॉबर्ट कार्सवेल ह्याने ‘मेलॅनोमा’ हे आजचे रूप वापरले. दरम्यान १८२० मध्ये विल्यम नॉरिस ह्या इंग्रज वैद्याने एका रुग्णाची हकीकत नोंदवून त्याच्या बापालाही असाच रोग झाला होता हे नमूद केले होते. ही सर्व नावे रूपावरून पडलेली आहेत : खेकड्यासारखे, काळे. कारणाविषयी ती काही सांगत नाहीत.

कारणाचा शोध बाहेरून आत आला. लंडनचा शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट ह्याने १७७५ साली धुराडी साफ करणाऱ्या मुलांच्या वृषणकोशाच्या त्वचेवर होणारा कर्करोग काजळीमुळे होतो असे दाखविले. १९१५ साली टोकियो येथे कात्सुसाबुरो यामागिवा आणि कोइची इचिकावा ह्यांनी सशांच्या कानांवर महिनोन् महिने कोळशाचे डांबर चोळून तेथे कर्करोग उत्पन्न केला. काश्मीरमध्ये फेरणाखाली पोटाशी धरलेल्या कांगडीच्या उष्णतेने होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाची नोंद एकोणिसाव्या शतकातच झाली होती. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात वसंत रामजी खानोलकर ह्यांनी सूर्याबाई ह्यांच्यासह १९४५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, कमरेला धोतर घट्ट कसण्याच्या सवयीने त्याच रेषेवर उद्भवणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले. काजळी, डांबर, निखारा आणि धोतराचा काच ह्यांच्यामध्ये समान असे काय आहे, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला. त्याचे उत्तर त्या त्या वस्तूत मिळणे शक्य नव्हते. ते पेशीच्या आत शोधावे लागणार होते.

आत जाण्याचा दरवाजा एका अगदी परिचित वस्तूने उघडला, ती म्हणजे जमालगोटा. वैद्याच्या बटव्यातील ह्या तीव्र रेचकाचे तेल घेऊन आयझॅक बेरेनब्लम ह्यांनी १९४१ च्या सुमारास उंदरांच्या त्वचेवर प्रयोग केले. कर्करोगकारक द्रव्याचा एकच, अपुरा असा लेप दिला तर काही होत नसे. नुसते जमालगोट्याचे तेल लावूनही सहसा काही होत नसे. पण प्रथम तो लेप देऊन नंतर पुनःपुन्हा तेल लावले की गाठी उठत. क्रम उलटा केला तर उठत नसत. मधे काही महिने जाऊ दिले तरी पहिल्या लेपाचा परिणाम पुसला जात नसे. फ्रीडेवाल्ड आणि पेटन राउस ह्यांनी १९४४ साली ह्या दोन अवस्थांना आरंभन आणि प्रवर्धन ह्या अर्थाची नावे दिली. पेशीत काहीतरी कायमचे नोंदले जाते, आणि नंतर दुसरे काहीतरी त्या नोंदीला जागे करते, एवढे स्पष्ट झाले. ही नोंद कोणत्या लिपीत आहे आणि जागे करणारा कोणत्या भाषेत बोलतो, हे समजण्यास आणखी चाळीस वर्षे लागली.

त्या चाळीस वर्षांत शब्दसंग्रह तयार होत होता. १९०५ साली अर्नेस्ट स्टार्लिंग ह्यांनी रक्तातून फिरणाऱ्या द्रव्यांना ‘हॉर्मोन’ हे नाव देऊन त्यांना रासायनिक दूत म्हटले होते. १९५० नंतरच्या दशकात अर्ल सदरलँड ह्यांना असे आढळले की, हा दूत पेशीच्या आत जातच नाही. तो दारावर निरोप देतो आणि आत एक दुसरेच द्रव्य कामाला लागते. त्याला त्यांनी ‘दुसरा दूत’ म्हटले. येथपर्यंत रूपक राजदरबारातले होते. १९७० च्या सुमारास बेथेस्डा येथे मार्टिन रॉडबेल ह्यांनी ते कारखान्यात आणले. नॉर्बर्ट वीनर आणि क्लॉड शॅनन ह्यांच्या १९४८ मधील लेखनाने संदेशवहनाच्या यंत्रशास्त्राला जी परिभाषा दिली होती तिच्या छायेत त्यांनी पेशीपटलावर तीन भाग कल्पिले : निवडणारा, रूपांतर करणारा आणि वर्धन करणारा. दूत गेला आणि उपकरण आले. भाषेच्या अभ्यासकाला हा बदल किरकोळ वाटणार नाही. दूत चुकू शकतो, फितूर होऊ शकतो, दोन दरबारांत दोन निरोप देऊ शकतो. तार मात्र एक तर जोडलेली असते किंवा तुटलेली. पुढील चाळीस वर्षे संशोधकांनी तारेचाच विचार केला.

त्वचेचा ह्या शब्दसंग्रहाशी संबंध आरंभापासून आला. स्टॅन्ली कोहेन ह्यांनी उंदरांच्या लाळग्रंथींचा अर्क नवजात पिलांना टोचला तेव्हा तेरा-चौदा दिवसांनी उघडणारे डोळे सातव्या दिवशीच उघडले. त्यांनी पापण्यांचे छेद घेऊन पाहिले. बाह्यत्वचा जाड झालेली होती. १९६२ साली वेगळ्या केलेल्या ह्या द्रव्याला पुढे बाह्यत्वचावर्धक घटक हे नाव पडले आणि १९८० पर्यंत त्याचा ग्राहक, म्हणजे पेशीपटलावर ते द्रव्य ओळखणारे प्रथिन, प्रथिनांना फॉस्फेट जोडणारे एक एन्झाइमच आहे हे सिद्ध झाले. फॉस्फेट जोडणे आणि काढणे ही पेशीची बाराखडी आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. १९८२ साली कोबे येथील यासुतोमी निशिझुका ह्यांच्या प्रयोगशाळेने दाखविले की, जमालगोट्याच्या तेलातील प्रवर्धक द्रव्य, जे हायडेलबर्ग येथे एरिख हेकर ह्यांनी १९६० नंतरच्या दशकात शोधून काढले होते, तेही अशाच एका फॉस्फेट जोडणाऱ्या एन्झाइमला थेट चेतविते. पेशीचा स्वतःचा एक दुसरा दूत जे काम क्षणभर करतो तेच हे द्रव्य तासन् तास करीत राहते. जागे करणाऱ्याची भाषा कळली : तो खोटा निरोप होता.

राहिली ती नोंद. तिचा माग विषाणूंच्या अभ्यासातून लागला, आणि येथे नावांचा मोठा गोंधळ आहे. १९६४ साली जेनिफर हार्वे ह्यांनी उंदरांत मांसार्बुद उत्पन्न करणारा एक विषाणू वर्णिला; त्याच्या जनुकाला ‘रॅट सार्कोमा’ ह्या शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘रास’ हे नाव मिळाले. १९८३ साली उल्फ रॅप ह्यांच्या प्रयोगशाळेत दुसऱ्या विषाणूतील ‘रॅफ’ सापडला. दोन्ही नावे रोगाची, दोन्ही जनुके मूळची निरोगी पेशीची. एखाद्या माणसाला तो आजारी असताना प्रथम पाहावे आणि आजाराचेच नाव त्याला कायमचे चिकटावे, तसे हे झाले. फळमाशीवर काम करणाऱ्यांची तऱ्हा आणखी वेगळी. माशीच्या डोळ्यातील सातवी प्रकाशग्राही पेशी ज्यावाचून घडत नाही त्या जनुकाला त्यांनी ‘सेव्हनलेस’ म्हटले आणि त्याच्या पुढील दुव्याला ‘सन ऑफ सेव्हनलेस’. वंशावळीतील हा पुत्रच पुढे माणसाच्या पेशीत ग्राहक आणि रास ह्यांना जोडणारा ठरला. मालिकेच्या टोकाच्या एन्झाइमाचे ‘मॅप’ हे संक्षिप्त नाव तर भाषाशास्त्राच्या वर्गात उदाहरण म्हणून देण्याजोगे आहे. प्रारंभी ही अक्षरे पेशीतील सूक्ष्मनलिकांशी संबद्ध अशा एका प्रथिनाचा निर्देश करीत. त्या एन्झाइमाचे खरे कार्य कळल्यावर अक्षरे तीच ठेवून त्यांचा विस्तार बदलण्यात आला आणि ‘विभाजनप्रेरकाने चेतविलेले’ असा नवा अर्थ त्यांत बसविला गेला. लोकव्युत्पत्तीत असेच घडते. फरक इतकाच की, येथे लोक म्हणजे विद्वान होते.

१९८२ साली अमेरिकेतील तीन गटांनी जवळजवळ एकाच वेळी दाखविले की, माणसाच्या मूत्राशयाच्या एका कर्करोगातील रास जनुक आणि निरोगी रास जनुक ह्यांच्यामध्ये फक्त एका अक्षराचा फरक आहे. १९८६ साली अ‍ॅलन बामेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या उंदरांच्या प्रयोगाकडे हीच दृष्टी वळविली. आरंभक लेपाने उठलेल्या गाठींत हार्वेच्या रास जनुकाच्या एकसष्टाव्या शब्दात ठरावीक एक अक्षर बदललेले होते. बेरेनब्लम ह्यांच्या उंदरांच्या त्वचेत महिनोन् महिने न पुसता राहिलेली नोंद ह्याच जातीची होती. १९९३ पर्यंत ग्राहकापासून रास, रासपासून रॅफ, रॅफपासून मेक आणि मेकपासून मॅप ही मालिका जोडून झाली आणि पाठ्यपुस्तकांत बाणांची सरळ रेषा दिसू लागली.

ही सरळ रेषा अगदीच काल्पनिक होती असे म्हणता येत नाही. त्वचेच्या एका कर्करोगात ती जवळजवळ शब्दशः खरी ठरली. तलपेशींचा कर्करोग हा गौरवर्णीय लोकांत सर्वांत अधिक आढळणारा, सावकाश वाढणारा आणि दूरच्या अवयवांत क्वचितच पसरणारा रोग. १९६० साली रॉबर्ट गॉर्लिन आणि रॉबर्ट गोल्ट्झ ह्यांनी अशा घराण्यांचे वर्णन केले की, ज्यांतील व्यक्तींना असे कर्करोग तरुणपणापासूनच अनेक ठिकाणी होत, शिवाय जबड्यात पुटी आणि बरगड्यांत व्यंग असे. त्वचा आणि बरगडी ह्यांचा संबंध काय, हे कोडे १९९६ साली उलगडले. ह्या घराण्यांत जे जनुक बिघडलेले होते ते फळमाशीतील ‘पॅच्ड’ ह्या जनुकाचे मानवी रूप होते. १९८० साली क्रिस्टियान न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस ह्यांनी माशीच्या अळ्यांतील व्यंगे तपासताना, सर्वांगावर काटे उठलेल्या एका अळीवरून एका जनुकाला ‘हेजहॉग’, म्हणजे साळिंदरासारख्या त्या छोट्या काटेरी प्राण्याचे, नाव दिले होते. ‘पॅच्ड’ हा त्याच्या संकेताचा ग्राहक आणि पहारेकरी. संकेत आला की पहारा सुटतो. पहारेकरीच नाहीसा झाला तर संकेत न येताही दार उघडे राहते.

ह्या मार्गाला रोखणारे पहिले द्रव्य मात्र कोणत्याही प्रयोगशाळेत जन्मलेले नव्हते. अमेरिकेच्या आयडाहो राज्यातील मेंढपाळांच्या कळपांत कपाळावर एकच डोळा असलेली कोकरे जन्मत. १९५० नंतरच्या दशकात शासकीय संशोधकांनी तेथे राहून असे शोधून काढले की, गर्भधारणेच्या चौदाव्या दिवशी मेंढीने व्हेराट्रम जातीची एक रानटी वनस्पती खाल्ली तर कोकरू एकाक्ष होते. त्यातील विषाला ग्रीक पुराणातील एकाक्ष राक्षसावरून सायक्लोपामिन हे नाव मिळाले. पुढे हेजहॉगचे एक जनुक नष्ट केलेले उंदीरही एकाक्षच जन्मतात असे आढळले, आणि १९९८ साली हे विष त्याच मार्गाला अडविते असे सिद्ध झाले. ह्याच धर्तीवर कृत्रिमरीत्या घडविलेले व्हिस्मोडेगिब हे औषध २०१२ च्या जानेवारीत अमेरिकेत मान्य झाले. शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या स्थानिक रोगात १०० पैकी ४३ रुग्णांच्या गाठी त्याने लक्षणीयरीत्या आक्रसल्या. एक तार, एक कात्री. यांत्रिक रूपकाचा हा विजय होय.

मेलॅनोमा हा रोग निराळा आहे. तो संख्येने थोडा पण फार घातक. काही मिलिमीटर खोल गेला की फुप्फुस, यकृत आणि मेंदू गाठतो. २००२ साली इंग्लंडमधील हिंक्स्टन येथील सँगर संस्थेच्या संशोधकांनी कर्करोगपेशींतील जनुके एकामागून एक वाचीत असता रॅफ कुळातील ‘बी-रॅफ’ ह्या जनुकात, त्यांनी तपासलेल्या मेलॅनोमांपैकी ६६ टक्क्यांत, उत्परिवर्तन आढळले. त्यांतील बहुसंख्य एकच होते. एका जागी थायमिनऐवजी अ‍ॅडेनिन, आणि त्यामुळे प्रथिनात व्हॅलिनऐवजी ग्लुटामिक आम्ल. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील वधासंबंधी जी परंपरागत कथा सांगितली जाते तिच्यात ‘धरावे’ ह्या शब्दातील एक अक्षर बदलून ‘मारावे’ झाले. इतिहाससंशोधकांनी त्या कथेविषयी शंका घेतल्या तरी ‘ध चा मा’ भाषेत राहिला तो राहिलाच. बी-रॅफमधील बदल ह्याच जातीचा आहे. शब्द बदलला, वाक्यरचना तशीच राहिली, आणि आज्ञा पाळणाऱ्याला शंका येण्याचे कारण उरले नाही. ग्लुटामिक आम्लावर जो ऋणभार असतो तो चेतनेच्या वेळी जोडल्या जाणाऱ्या फॉस्फेटच्या ऋणभारासारखा भासतो, आणि रॅफ वरून आज्ञा नसतानाही जागा राहतो. विशेष म्हणजे सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी जे अक्षरदोष सामान्यतः होतात त्यांत हा दोष बसत नाही.

ह्या शोधाला पाठचिकित्सेचे एक उपकथानकही आहे. प्रथम हा बदल ५९९ व्या स्थानी असल्याचे छापले गेले आणि दोन वर्षे सर्व वाङ्मयात तोच आकडा राहिला. पुढे असे लक्षात आले की, जनुकाच्या प्रारंभीच्या भागाच्या पूर्वीच्या वाचनात तीन अक्षरे गळली होती. त्यामुळे खरे स्थान ६०० वे. आज एकच उत्परिवर्तन जुन्या आणि नव्या लेखांत दोन आकड्यांनी आढळते, आणि अननुभवी वाचक त्यांना दोन समजतो.

एका अक्षराने रोग होतो, हे मत मात्र वर्षभरही टिकले नाही. २००३ साली असे दिसून आले की, शरीरावरच्या निरुपद्रवी तिळांपैकीही ८२ टक्के तिळांत हेच किंवा असेच बी-रॅफचे उत्परिवर्तन असते. म्हणजे सदैव ‘वाढ’ अशी आज्ञा मिळत असलेल्या पेशी काही काळ वाढून थांबतात, आणि तीळ वर्षानुवर्षे तेवढाच राहतो. २००५ साली आम्सटरडॅम येथील संशोधकांनी दाखविले की, आज्ञेचा अतिरेकच पेशीला विभाजन थांबविण्यास भाग पाडतो. एकच संकेत प्रथम वाढवितो आणि मग थांबवितो. तारेच्या चित्रात ह्याला जागा नाही. २००९ साली उंदरांवरील प्रयोगात बी-रॅफच्या बदलाला ‘पीटेन’ ह्या दुसऱ्या मार्गावरील पहारेकऱ्याच्या नाशाची जोड दिली तेव्हा पसरणारा मेलॅनोमा उत्पन्न झाला.

माणसात हा क्रम कसा घडतो हे २०१५ साली बोरिस बॅस्टियन ह्यांच्या गटाने दाखविले. त्यांनी ३७ मेलॅनोमा आणि प्रत्येकाला लागूनच असलेला तीळ किंवा पूर्वावस्थेतील डाग ह्यांतील जनुके ताडून पाहिली. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ ह्या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना हस्तलिखितांतील समान आणि भिन्न पाठांवरून त्यांची वंशावळ लावली. येथे पद्धत तीच, पोथ्या मात्र पेशींच्या. जो पाठभेद तिळात आणि कर्करोगात दोहोंत आहे तो आधीचा. जो केवळ कर्करोगात आहे तो नंतरचा. निरुपद्रवी तिळात बी-रॅफचा बदल एकटा होता. मधल्या अवस्थेत पेशीला अमर्याद विभाजनाची मुभा देणाऱ्या टर्ट जनुकाच्या नियामक भागात बदल आले. त्वचेच्या खोल थरात शिरलेल्या अर्बुदांत १९९४ पासून आनुवंशिक मेलॅनोमाशी ज्याचा संबंध माहीत होता ते जनुक नष्ट झालेले दिसले. नॉरिसने १८२० साली पाहिलेल्या बापलेकांत हेच जनुक बिघडलेले होते की काय, हे आता कोणी सांगू शकणार नाही. सर्वांत प्रगत अर्बुदांत पीटेन आणि पी-५३ गेलेले होते. पॉट आणि बेरेनब्लम ह्यांनी बाहेरून पाहिलेल्या अवस्था अशा रीतीने आतून वाचल्या गेल्या.

औषधाची कथा ह्याच सुमारास समांतर चालली होती आणि तिच्यात जुनेच चित्र गृहीत होते. केवळ बदललेल्या बी-रॅफला अडविणारे द्रव्य घडविण्यात आले. ‘व्हेमुराफेनिब’ ह्या त्याच्या नावातच सहाशेव्या स्थानावरील व्हॅलिनचा बदल आणि रॅफ ही दोन्ही सामावलेली आहेत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चाचणीत, योग्य मात्रा ठरल्यानंतर घेतलेल्या ३२ रुग्णांपैकी २६ रुग्णांच्या गाठी आक्रसल्या. त्यापूर्वीच्या औषधाने असे १०० पैकी जेमतेम दहांच्या बाबतीत घडे. २०११ साली ६७५ रुग्णांवरील चाचणीत सहा महिन्यांनंतर जुन्या औषधावरील ६४ टक्के आणि नव्यावरील ८४ टक्के रुग्ण हयात होते, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये औषध मान्य झाले.

त्याच वर्षी एका रुग्णाची तीन छायाचित्रे एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पहिल्यात छातीपोटावर त्वचेखालच्या असंख्य गाठी. औषध सुरू केल्यानंतर पंधराव्या आठवड्यातील दुसऱ्यात जवळजवळ नितळ अंग. तेविसाव्या आठवड्यातील तिसऱ्यात त्याच जागी त्याच गाठी. ज्या मेक ह्या पुढच्या दुव्याला बी-रॅफ आज्ञा देतो तोच आता बदलला होता. इतर रुग्णांत आणखी वाटा सापडल्या : कोठे रास बदलला, कोठे पेशीपटलावरचा दुसराच ग्राहक वाढला. बंद केलेल्या तारेच्या भोवती जाळे होते, आणि जाळ्याने निरोप वळवून नेला.

ह्याहूनही बोधप्रद घटना शेजारच्या पेशींत घडली. औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे एकपंचमांश रुग्णांच्या त्वचेवर, मेलॅनोमा ओसरत असतानाच, शल्कपेशींचे नवे कर्करोग उठू लागले. ते कापून काढता येण्याजोगे होते. तरी कर्करोगाच्या औषधाने कर्करोग व्हावा हे विचित्र होते. संस्कृत वैयाकरणांचे एक जुने उदाहरण येथे आठवते. ‘सैंधव आण’ असे जेवताना म्हटले तर मीठ आणावयाचे, प्रवासाला निघताना म्हटले तर घोडा. शब्द तोच, अर्थ प्रकरणाने ठरतो. रॅफची प्रथिने जोडीने काम करतात. निरोगी बी-रॅफ असलेल्या पेशीत औषध जोडीतील एकाला अडविते तेव्हा दुसरा उलट चेतविला जातो, आणि त्या पेशीत रास आधीच बदललेला असेल तर मार्ग बंद होण्याऐवजी दुप्पट वेगाने वाहू लागतो. २०१२ साली अशा ३५ गाठी तपासल्या तेव्हा २१ गाठींत रास बदललेला निघाला, आणि त्यांत सर्वाधिक आढळलेला बदल हार्वेच्या रासमधील एकसष्टाव्या शब्दाचा होता. बामेन ह्यांनी १९८६ साली उंदरांत पाहिलेलाच. ह्या माणसांच्या उन्हाने रापलेल्या त्वचेत आरंभनाची नोंद कित्येक वर्षे निमूटपणे पडून होती; औषधाने तेथे जमालगोट्याच्या तेलाचे काम केले.

रॅफ आणि मेक ह्या दोहोंना एकाच वेळी अडविणे हा त्यावरील उपाय ठरला. दुहेरी औषधाने नव्या शल्कपेशी कर्करोगांचे प्रमाण १९ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले आणि रोग पुन्हा उलटण्याचा काळ लांबला. २०१४ च्या जानेवारीत ह्या जोडीला अमेरिकेत मान्यता मिळाली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ५६३ रुग्णांच्या दीर्घ निरीक्षणात पाच वर्षांनंतर ३४ टक्के रुग्ण हयात होते. पूर्वीच्या मानाने ही मोठी मजल आहे, पण दोनतृतीयांश रुग्ण गेले हेही त्याच आकड्यात आहे. पुढे, ज्या संकेताने अर्बुद प्रतिकारपेशींना निष्क्रिय करते तो संकेत अडविणारी औषधे आली. जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकु होंजो ह्यांना त्यासाठी २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. २६५ रुग्णांवरील एका तुलनेत प्रतिकारपेशींचे औषध आधी आणि बी-रॅफचे नंतर ह्या क्रमाने दोन वर्षांनी ७२ टक्के, तर उलट क्रमाने ५२ टक्के रुग्ण हयात आढळले. औषधे तीच; क्रम बदलला. अन्वयाला अर्थनिश्चितीत केवढे स्थान असते हे ज्यांना माहीत आहे त्यांना ह्याचे नवल वाटू नये.

ह्या सर्व चाचण्या बहुतांशी गौरवर्णीय रुग्णांवर झाल्या. भारतात मेलॅनोमा विरळा असतो आणि जो आढळतो त्यातील बराच मोठा भाग पायाच्या तळव्यावर, नखाखाली किंवा श्लेष्मल त्वचेवर, म्हणजे जेथे ऊन पोहोचत नाही अशा ठिकाणी असतो. २००५ आणि २००६ साली बॅस्टियन ह्यांच्याच गटाने दाखविले की, ह्या जातीच्या मेलॅनोमात बी-रॅफचा तो एक अक्षराचा बदल क्वचित असतो; तेथे ‘किट’ ह्या ग्राहकातील दोष आणि जनुकांच्या अनेक प्रती वाढणे ह्यांचे प्राबल्य आहे. म्हणून येथील रुग्णाच्या गाठीतील जनुके वाचल्यावाचून ‘मेलॅनोमा’ एवढ्या नावावरून ते औषध योजता येत नाही. तळव्यावरचा काळा डाग भेगेचा, काट्याचा किंवा जुन्या जखमेचा समजून पुष्कळदा सोडून दिला जातो, आणि वैद्याकडे पोहोचेपर्यंत तो कित्येक मिलिमीटर खोल गेलेला असतो.